सतरा नंबरची चिप

१

बाबा गेल्यानंतर चोविसाव्या दिवशी त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप आला. तो टपालाने आला, जाड पांढऱ्या पाकिटातून. आईने पत्र उभ्याउभ्याच वाचलं, चष्मा काढला, पाकीट माझ्या हातात दिलं आणि धुतलेली भांडी पुसायला आत गेली.

पत्र बाबांच्या संस्थेतल्या विभागप्रमुखांचं होतं. भाषा अतिशय सभ्य. जाण्याच्या दोन दिवस आधी बाबांनी एक आलेख सादर केला होता. त्यानुसार त्यांच्या सतरा नंबरच्या चिपने प्रकाशाला दिलेला प्रतिसाद प्रयोगशाळेतल्या आजवरच्या कुठल्याही चिपच्या हजारपट होता. बाहेरच्या तज्ज्ञाने तीच चिप तपासली, तर प्रतिसाद अगदीच बेताचा निघाला. म्हणून आलेख बनावट ठरवून बाबांचं नाव चालू कामांतून काढण्यात येणार होतं, आणि मागच्या वीस वर्षांचं कामही पुन्हा तपासलं जाणार होतं. कुटुंबाला काही म्हणायचं असेल तर मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत.

तो मंगळवार होता.

बाबा प्रकाश पकडण्याची साधनं बनवायचे. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. त्यातून वीज सुसाट धावते, पण प्रकाश मात्र जवळजवळ सगळा आरपार निघून जातो. पेरोव्हस्काइट नावाचे स्फटिक बरोबर उलटे. प्रकाश अधाशासारखा गिळतात, पण गिळलेलं पुढे पोचवायला आळशी. बाबांनी एकावर दुसऱ्याचा थर दिला. ‘एक खादाड, एक पळपुटा,’ ते सांगायचे, ‘दोघांचं लग्न लावून दिलं. आता संसार कसा चालतो ते बघत बसायचं.’

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. घरात एक प्रकाश सोडणारी, एक पकडणारा, आणि मध्ये आई उभी म्हणून घरात थोडी सावली, असंही ते म्हणायचे.

आत भांड्यांचा आवाज थांबला. आई दारात आली, हातात कोरडं फडकं.

“ते खोटं नाही, हे मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मी विचारतेय ते वेगळं. ते दाखवता येईल का?”

मी म्हटलं, येईल. तेव्हा माझ्याकडे त्याला काहीही आधार नव्हता.

२

विभागप्रमुखांचं टेबल इतकं मोकळं होतं की त्यांना काम आहे की नाही असा प्रश्न पडावा. त्यांचा स्वतःचा विषय चुंबकांचा. प्रकाशातलं आपल्याला फारसं कळत नाही हे त्यांनी आपणहून सांगितलं, आणि त्याबद्दल मला ते जरा आवडले. बाबांबद्दल ते आदराने बोलले, पण भूतकाळात बोलले. माणूस गेल्यावर भूतकाळच वापरतात, तरी कानाला टोचतं.

चिप त्यांनी स्वतः आणून दाखवली. ॲल्युमिनियमची छोटी डबी, आत टपालाच्या तिकिटापेक्षाही लहान काचेची पट्टी, तिच्यावर गडद तपकिरी थर, कडेला केसासारख्या सोनेरी तारा. मी पट्टी चिमट्याने उलटी केली. पाठीवर सतराचा आकडा कोरला होता. रेषा सरळ, सगळीकडे सारख्याच खोल.

“नंबर आहे, डबी तीच आहे,” ते म्हणाले. “याहून काय हवं?”

मी आलेख मागितला. निळ्या प्रकाशाचा स्तंभ कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला, हिरव्याचा बराच खाली उतरलेला, आणि लाल रंगासमोर शून्य. त्याशेजारी त्यांनी तज्ज्ञाचा अहवाल ठेवला. तपासलेल्या चिपने निळ्यालाही प्रतिसाद दिला होता, हिरव्यालाही, लाललाही. तिन्ही ठिकाणी थोडाथोडाच, पण दिला होता.

लाल रंग तुमच्या वडिलांनी मोजलाच नसावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. तिमाही अहवालासाठी आपणच तगादा लावला होता, जे असेल ते द्या म्हणालो होतो, हेही त्यांनी कबूल केलं. घाईत माणूस काहीतरी भरून टाकतो.

मी विचारलं की बाबांच्या वहीत काय आहे. वहीत सतरा नंबर नव्हताच. याचं मला नवल वाटलं नाही. बाबा कुठलीही कृती तीनदा जमल्याशिवाय वहीत चढवत नसत. एकदा जमलेली गोष्ट म्हणजे योगायोग, असं त्यांचं मत होतं. सतरा नंबर एकदाच जमला होता, आणि मग ते गेले.

डबी ठेवली होती ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे नायट्रोजनने भरलेल्या हवाबंद काचपेटीत, जिच्यात बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून काम करतात. पेटीची किल्ली तिघांकडे. स्वतः विभागप्रमुख, बाबांची संशोधक विद्यार्थिनी, आणि यंत्रशाळेतले काका.

मी जिना उतरताना एकाच गोष्टीचा विचार करत होते. नाटकवाल्यांना खोटं रचण्याचा चांगला सराव असतो. खोटं रचणारा माणूस एक स्तंभ कागदाच्या टोकाला नेऊन दुसऱ्याच्या जागी शून्य ठेवत नाही. तो तिथेही काहीतरी बरंसं लिहितो. ते शून्य मोजलेलं होतं. आणि ते मोजलेलं असेल, तर मी आत्ता चिमट्यात धरलेली चिप बाबांची नव्हती.

३

बाबांच्या विद्यार्थिनीचं आमच्या घरातलं नाव ‘घाई’. बाबांनीच ठेवलेलं. सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती आणि सहा वर्षं तिचं वाक्य कधी पूर्ण झालं नाही.

बुधवारी सकाळी ती मला प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात भेटली. आत तिला बसायची परवानगी होती, पण सतरा नंबरचा एकही कागद तिला दाखवला गेला नव्हता. तिचा प्रबंध त्याच कामावर असल्यामुळे ती हितसंबंधी ठरली होती. हा शब्द उच्चारताना तिचे ओठ आवळले गेले.

तिच्यावर संशय घ्यायला कारण होतं, आणि ते तिनेच सांगितलं. सरांची नवी चिप खरी असेल तर आपल्या सगळ्या तपकिरी चिप्स जुन्या होतात. “सहा वर्षं, ताई. बारा चिप्स. तुम्ही मला विचारायलाच हवं.”

मी विचारलं. बारा चिप्स कुठे आहेत?

“अकरा,” ती म्हणाली. “तेच तर. नऊ नंबर गायब आहे. सर गेले त्याच आठवड्यात. मी प्रमुखांना सांगितलं, ते म्हणाले नीट शोधा. म्हणजे मी काय उशीखाली ठेवते का ती?”

तिने मला काचपेटी दाखवली. आतल्या तबकात अकरा तपकिरी चौकोन ओळीने मांडलेले, एक जागा मोकळी. या चिप्सना हवेतला ओलावा लागला की काय होतं, ते तिने समजावलं. आतलं संयुग फुटतं, शिसं आणि आयोडीन मागे उरतं, आणि तपकिरी रंग जाऊन पिवळा येतो. पिवळी पडली की संपली, हे इथे झाडलोट करणाऱ्यालाही पाठ होतं. मेलेल्या चिप्स मात्र कचऱ्यात टाकायच्या नाहीत. त्यांत शिसं असतं, म्हणून त्यांच्यासाठी मागच्या अंगणात झाकणाचं वेगळं पिंप. ते भरलं की एक गाडी येऊन घेऊन जाते.

मी तिला माझ्या कामातली एक गोष्ट सांगितली. रंगमंचावरच्या दिव्यापुढे आम्ही रंगीत जिलेटिन लावतो. पिवळं जिलेटिन दिव्याला पिवळा रंग देत नाही. ते पांढऱ्यातला निळा गिळून टाकतं. उरतं ते आपल्याला पिवळं दिसतं. लाल प्रकाश त्यातून न अडता निघून जातो.

“आता समज,” मी म्हटलं, “एक चिप आहे. तिला निळा भरपूर कळतो, हिरवा थोडा, लाल मुळीच नाही. जो रंग गिळत नाही तो तिला कळणार नाही. बरोबर? मग ती चिप डोळ्यांना कशी दिसेल?”

आलेखात लाल रंगासमोर शून्य आहे हे घाईला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

“पिवळी,” ती अगदी सावकाश म्हणाली. “नारिंगीकडे झुकणारी. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातलं तर. ब्रोमाइडची चिप जन्मतःच पिवळी असते, ताई. ती मेलेली नसते. ती तशीच असते.” मग तिला आठवलं की त्या आठवड्यात सरांनी तिच्याकडे अशाच पिवळ्या चिपला लागणारी सीझियमची बाटली मागितली होती, आणि कशाला असं विचारल्यावर ‘तीनदा जमलं की सांगतो’ एवढंच म्हणाले होते.

म्हणजे कुणीतरी पिवळी काढून तपकिरी ठेवली होती. बाबांना खोटं पाडण्यासाठी, असं घाईला वाटलं. तिने विभागप्रमुखांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मला ते पटेना. ज्याला बाबांना खोटं पाडायचंय, त्याला मेलेल्यासारखी दिसणारी चिप डबीत राहू देणंच सोयीचं होतं.

४

यंत्रशाळेतल्या काकांनी मला लहानपणी लोखंडाच्या किसाचा मोर करून दिला होता. ते मला अजून ‘बेबी’ म्हणतात, आणि मी चाळिशीला आले तरी त्यात बदल होण्याचं चिन्ह नाही. प्रयोगशाळेतली प्रत्येक डबी, प्रत्येक बिजागरी, काचपेटीच्या दाराची रबरी पट्टी, सगळं त्यांच्या हातचं. दुपारच्या सुट्टीत बाबा आणि ते बुद्धिबळ खेळत. काका हरत, आणि हरल्यावर पटावर दोष काढत.

मी गेले तेव्हा ते नव्या कपाटांसाठी पितळी पट्ट्यांवर नंबर कोरत होते. हिऱ्याच्या टोकाचं यंत्र आकड्यावरून फिरत होतं. एकवीस, बावीस. रेषा सरळ, सगळीकडे सारख्याच खोल.

मी स्टुलावर बसले आणि ते आकडे बघू लागले. बाबा आपल्या चिप्सवर नंबर हाताने ओरखडत. त्यांचा सात नेहमी पडायला आल्यासारखा दिसे.

काकाच बोलू लागले. आई जेवते का, मी किती दिवस आहे, हे विचारून झालं. मग त्या पत्राचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज बदलला. असले लोक वीस वर्षांचं काम तपासणार म्हणे. साहेबांची कुठली गोष्ट यांना समजली होती? त्यांनी यंत्र बंद केलं.

“नशीब म्हणायचं, दुसरं काय. साहेब गेले आणि त्यांची चिपही पिवळी पडली.”

त्यांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. तेवीस.

आपण काय बोललो ते त्यांना कळलं नव्हतं. अहवालात चिप तपकिरी होती. विभागप्रमुखांनी, तज्ज्ञाने, मी, सगळ्यांनी तपकिरीच पाहिली होती. सतरा नंबर पिवळी होती हे मला आदल्या तासाभरात तर्काने कळलं होतं. काकांना ते डोळ्यांनी कळलेलं होतं.

५

मला तिथून उठून थेट विभागप्रमुखांकडे जाता आलं असतं. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेदहाला, यंत्रं सुरू व्हायच्या आधी मी काकांकडे परत गेले आणि मला जे समजलं होतं ते क्रमाने सांगितलं. आकडा, हरवलेली नऊ नंबरची चिप, आणि कालचं त्यांचं वाक्य.

त्यांनी नाकारलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या शनिवारी नायट्रोजनचं नळकांडं संपत आलं होतं. जेवणाच्या आत बदल, असं बाबांनी त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात बाबा टेबलाजवळ कोसळले. काकांनी त्यांना उचललं, गाडीत घातलं, डोकं मांडीवर घेतलं. अर्ध्या वाटेवर बाबांनी डोळे उघडले आणि नळकांडं बदललंस का, असं विचारलं. काका हो म्हणाले.

“बदललं नव्हतं, बेबी. आयुष्यात त्या माणसाला एकदाही खोटं बोललो नव्हतो.”

रविवारी सकाळी ते धावत आले, तर काटा शून्यावर. नवं नळकांडं जोडलं, डबी उघडली, आणि आत सतरा नंबर पिवळीधमक. आपल्या विसरभोळेपणाने साहेबांची शेवटची चिप मेली, असं त्यांनी धरलं. तपासणीत मेलेली चिप निघाली असती तर लोक साहेबांना हसले असते. म्हणून शेजारच्या तबकातली एक चांगली तपकिरी घेतली, जुना आकडा घासला, नवा कोरला. जी चिप घाईच्या हाताखाली नीट चालत होती ती साहेबांचं नाव राखेल, एवढाच त्यांचा हिशोब. हजारपट वगैरे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

“काका,” मी म्हटलं, “नायट्रोजन संपून सतरा नंबर मेली असती, तर त्याच पेटीतल्या बारा तपकिरी कशा जगल्या?”

पस्तीस वर्षं यंत्रांमध्ये घालवलेल्या माणसाला हे त्या रविवारीच दिसायला हवं होतं. पण ज्याला स्वतःचा दोष सापडतो, तो पुढे शोधायचं थांबतो.

“नळकांडं संपलं होतं,” मी म्हटलं, “पण पेटीत हवा शिरलीच नाही. दाराची पट्टी तुम्ही बसवलीय.” मग मी त्यांना ब्रोमाइडबद्दल सांगितलं. जन्मतःच पिवळी. धडधाकट.

त्यांनी टोपी दोन्ही हातांनी दाबली. रडत नव्हते. काहीतरी मोजत होते.

“पिंपात टाकली मी ती,” ते म्हणाले. “शिशाच्या पिंपात. आणि पिंप न्यायची गाडी आज अकराला येते.”

पावणेअकरा झाले होते.

६

गाडी लवकर आली होती. पिंप फळीवरून वर चढत होतं आणि चालक सहीसाठी कुणी जबाबदार माणूस शोधत होता. काका म्हणाले, मीच जबाबदार, पण सही करणार नाही. चालकाने असं उत्तर पूर्वी ऐकलं नसावं. मी घाईला फोन केला. ती हातमोजे आणि मुखपट्टी घालून, दोन तबकं काखेत मारून पळत आली, आणि सगळ्यांना दहा पावलं मागे सरकवून एकेक तुकडा चिमट्याने बाहेर काढू लागली. पिवळे तुकडे पन्नासेक तरी होते. चालक फळीवर बसून म्हणाला की कचऱ्याचं एवढं कौतुक त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

आता प्रश्न असा होता की या सगळ्या पिवळ्यांत जिवंत कोणती. पाठीवर हाताने ओरखडलेला आकडा असलेल्या दहा-बारा चिप्स निघाल्या, कारण जुन्या मेलेल्या चिप्सही बाबांच्याच. पण ज्या आकड्यातला सात पडायला आला होता आणि आधी एक होता, ती एकच. तिचा पिवळा इतरांसारखा खडूचा नव्हता, किंचित नारिंगी होता. घाईने तिच्यावर जांभळा दिवा धरला. बाकीच्या पन्नास निमूट पडून राहिल्या. ही एक हिरवी उजळली.

गुरुवारी संध्याकाळी काका स्वतः विभागप्रमुखांकडे जाऊन सगळं सांगून आले. शुक्रवारी दहा वाजता मोजमाप झालं. विभागप्रमुखांनी बाहेरच्या तज्ज्ञालाच बोलावलं, आणि मोजणी पूर्ण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही असं ठरवलं. निळा दिवा लागला. पडद्यावरची रेष उठली आणि चढत राहिली. आलेखातल्या आकड्याच्या दोन-तृतीयांशावर थांबली. तीन आठवडे पिंपात काढलेल्या चिपकडून याहून अधिक मागणं बरोबर नाही, असं तज्ज्ञ स्वतःच म्हणाला. हिरवा लावला, रेष खाली आली. लाल लावला. रेष तळाशी सपाट पडून राहिली, आणि त्या खोलीत एका शून्याकडे इतक्या जणांनी इतक्या आदराने कधी पाहिलं नसेल.

विभागप्रमुखांनी पत्र मागे घेतलं. त्यांनी नवं पत्र आमच्यासमोरच लिहायला घेतलं, आणि चिप बदलल्याचा उल्लेख ‘हाताळणीतील चूक’ एवढाच ठेवूया असं त्यांनी सुचवलं. हे त्यांनी काकांकडे न बघता सुचवलं, त्यामुळे ते मला पुन्हा एकदा जरा आवडले. पण काका मान्य करेनात. माझं नाव घाला, ते म्हणाले, काय केलं ते घाला, तारीख घाला. नाही तर उद्या दुसरा कोणी म्हणेल की चिप साहेबांनीच बदलली. विभागप्रमुखांनी नाव घातलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि तारखेतली एक चूक दुरुस्त करून घेतली.

घाई तोवर काचपेटीपाशी उभी होती. सतरा नंबरला नायट्रोजन नसता तरी फारसं बिघडलं नसतं, ती मला म्हणाली. ब्रोमाइड टिकाऊ असतं, आणि सरांना ते माहीत होतं. मग त्या गाडीत, त्या अवस्थेत, त्यांनी नळकांड्याचं का विचारलं? तिने विचारता विचारताच तबकाकडे पाहिलं. अकरा तपकिरी चौकोन. ओलावा सोसत नव्हता तो या चिप्सना, तिच्या सहा वर्षांना. तिने नायट्रोजनचा काटा एकदा बघून घेतला.

निघताना काका फाटकापर्यंत आले. माझी रिक्षा यायची होती.

“पत्राचं झालं, बेबी. पण मी त्यांना हो म्हणालो होतो, ते तसंच राहिलं. शेवटी खोटं ऐकून गेले ते माझ्याकडून.”

तीन आठवडे त्या गाडीतल्या प्रवासाबद्दल मी कुणाला काहीच विचारलं नव्हतं. आता विचारलं.

“तुम्ही हो म्हणालात. मग बाबांनी काय केलं?”

काकांनी आठवून पाहिलं. घाई केली नाही.

“काही नाही. माझा हात धरला होता, तो सैल केला. मग डोळे मिटले. झोप लागल्यासारखे.”

“मग बरं केलंत, काका,” मी म्हटलं.